गौर ज्या घरची, रीत त्या घरची

भाद्रपद लागला की नव्या सुनेच्या फोनवर याद्या येऊन पडतात. गौरी बसवायची शास्त्रोक्त पद्धत. दोन मुखवटे, दोन स्टँड, शिवून तयार नऊवारी, सोळा भाज्या, पाच कोशिंबिरी, पंचपक्वान्नं. शेवटच्या ओळीत धमकी : यात उणं राहिलं तर दोष लागतो. पोरगी घाबरते. सासूला विचारावं, तर सासूही हल्ली व्हिडिओ बघून आरास मांडते.

दोष लागत नाही. आधी हे स्पष्ट सांगते, बाकीचं नंतर. सगळ्या महाराष्ट्राला लागू पडेल अशी गौरीची एक पद्धत कधी नव्हतीच. घरागणिक इतका बदलणारा सण आपल्याकडे क्वचितच दुसरा असेल, आणि तेच त्याचं वैभव आहे. ते वैभव एका यादीपायी मोडीत निघताना बघवत नाही, म्हणून आज आवाज थोडा चढा लागला आहे.

कोकणात उतरा. तिथे कितीतरी घरांची गौर म्हणजे तेरडा. श्रावण-भाद्रपदात सडे नि बांध गुलाबी करून टाकणारं हे रानातलं रोप. ते मुळांसकट उपटायचं, जुडी बांधायची, पाणवठ्यावर धुवायची आणि वाजतगाजत घरी आणायची. मग त्या जुडीला साडी नेसवायची, दागिने घालायचे, कुठे रंगवलेला कागदी मुखवटा बांधायचा. जोडीला कळलावीची लाल-पिवळी, पाकळ्या वर वळलेली फुलं. 'गौरीचे हात' म्हणूनच ती ओळखली जातात. झाड विषारी, एरवी पोरांना त्याला शिवू देत नाहीत. पण या तीन दिवसांत त्याच्याशिवाय देवी पुरी होत नाही.

त्याच कोकणात, कधी शेजारच्याच घरात, गौर म्हणजे खडे. पाच किंवा सात. चित्तपावनांच्या पुष्कळ घरांत हीच रीत. घरातली बाई किंवा कुमारिका नदीवर, ओढ्यावर, नाहीतर विहिरीवर जाते, खडे वेचते, आणि तोंडातून शब्द न काढता घरी परत येते. मुखवटा नाही, स्टँड नाही. नैवेद्याला घावन आणि घाटलं. तांदळाचं पीठ, गूळ, नारळाचं दूध. एवढ्यावर देवी तीन दिवस समाधानाने राहते. परदेशात राहणाऱ्या मुलींना मी हीच रीत सांगते, अर्थात त्यांच्या घरची दुसरी कुठली नसेल तर. पाणी आणि खडे सगळीकडे असतात, त्यासाठी विमानातून मुखवटे मागवायला लागत नाहीत.

घाट चढून कोल्हापूरकडे या. तिथे बायका घोळक्याने पाणवठ्यावर जातात आणि गौरीची डहाळी घेऊन गाणी म्हणत परततात. आल्या दिवशी तिला भाजी-भाकरीचा नैवेद्य. थकून आलेल्या लेकीला आधी साधं जेवण, गोडधोड दुसऱ्या दिवशी. कुणीतरी माणसाचा विचार करून ही रीत बसवली आहे. मग शंकरोबाही येतो, बायकोला न्यायला. झिम्मा-फुगडीने रात्र जागते.

पुढे देशावर मुखवटे. पण त्यातही एक घर दुसऱ्यासारखं नाही. एका घरी मुखवटा गव्हाच्या राशीवर, दुसऱ्या घरी तांब्यावर, तिसऱ्या घरी सुगडांच्या उतरंडीवर. कुठे पितळेचा, कुठे शाडूचा. कुठे दोन उभ्या, कुठे दोन बसलेल्या. मराठवाड्यात नि विदर्भात त्या महालक्ष्म्या होतात, आणि तिथला थाट बघण्यासारखा असतो. धड म्हणून कोठ्या, कोठ्यांत धान्य, वर मुखवटे, शेजारी त्यांची बाळं. पुरणाचे दिवे, ज्वारीची आंबील, अंबाडीची भाजी, कटाची आमटी. तिथे सोळा या आकड्याला मान आहे. सोळा पदरांचा दोरा, त्याला सोळा गाठी, ताटात सोळा भाज्या. हळदीत रंगवलेले ते दोरे तिसऱ्या दिवशी गाठी मारून बायका गळ्यात बांधतात, आणि काही घरांत ते थेट आश्विन वद्य अष्टमीला उतरतात.

ज्या घरी सोळा भाज्यांची रीत आहे त्या घरी सोळा कराव्यात, आनंदाने कराव्यात. पण खड्यांच्या घरात सोळा भाज्या आणि तेरड्याच्या घरात फायबरचे मुखवटे कशाला? सड्यावर तेरडा फुलतो म्हणून तिथली गौर तेरड्याची झाली. ओढ्याला खडे आहेत म्हणून ती खड्यांची झाली. ज्वारीच्या मुलखात ती कोठीत धान्य भरून उभी राहिली आणि आंबील प्यायला लागली. जिथे जे उगवतं, पिकतं, वाहतं त्यातून बायकांनी देवी घडवली. हेच या सणाचं शास्त्र. ते विकत मिळत नाही, म्हणून यादीत नसतं.

आता तिखटाचं बोलू. कोकणात आणि मुंबईच्या किनारपट्टीत कितीतरी घरांत पूजनाच्या दिवशी गौरीला तिखटा नैवेद्य असतो. मटण, कोंबडी-वडे, काही घरांत चिंबोऱ्या. लेक माहेरी आली आहे, तिला तिच्या आवडीचं घालायचं, इतकी सरळ गोष्ट. शेजारी तिचा मुलगा गणपती बसलेला, त्याला हे चालत नाही. मग दोघांच्या मध्ये पडदा ओढतात. एका चौरंगावर दोन देव, दोघांची जेवणं वेगळी, मध्ये हातभर कापड, आणि भांडण नाही. मला या पडद्याचा फार अभिमान वाटतो. त्यात जो समजूतदारपणा आहे तो आपल्या हाउसिंग सोसायट्यांच्या सभांत दिसत नाही.

तिथे काय दिसतं? जिन्यात वास आला म्हणून कपाळाला आठ्या. 'सणासुदीला हे?' अशी विचारणा. अहो, हा सणच आहे आणि हा सणाचाच नैवेद्य आहे. तुमच्या गौरीला पुरणपोळी आवडते, त्यांच्या गौरीला कोंबडी. या आठ्यांना भिऊन पिढ्यानपिढ्यांचा नैवेद्य बंद केलेली घरं मी पाहिली आहेत. गावी करतो, इथे नाही करत, असं खाल्या आवाजात सांगतात. त्यांना लाज गौरीची वाटत नाही, शेजाऱ्यांची वाटते. आणि ही लाज त्यांना नाही, आठ्या घालणाऱ्यांना वाटायला हवी.

दुसरा घाव घातला जातो तारखेवर. गौरी शनिवार-रविवारी बसवता येतील का, असं विचारणाऱ्यांचा मला राग येत नाही, नोकरीवाल्या बाईची ओढाताण मला ठाऊक आहे. राग येतो तो रजा नाकारणाऱ्या साहेबाचा. पण तारीख कशी ठरते हे तरी कळावं. गणपती तिथीवर येतो, भाद्रपद शुद्ध चतुर्थीला. गौरी येतात नक्षत्रावर. चंद्र अनुराधा नक्षत्रात असताना आवाहन, ज्येष्ठेत पूजन, मूळ नक्षत्रात विसर्जन. चंद्र सत्तावीस नक्षत्रांतून फिरतो आणि सरासरीने एकेका नक्षत्रात सुमारे एक दिवस असतो, म्हणून गौरीचा मुक्काम तीन दिवसांचा. तिथी आणि नक्षत्र दरवर्षी जोडीने चालत नाहीत, म्हणून गणपतीनंतर गौरी किती दिवसांनी येणार हेही पक्कं नसतं. २०२३ साली गणपती १९ सप्टेंबरला बसला आणि गौरी २१ला आल्या, दोनच दिवसांनी. २०२४ साली ७ आणि १० सप्टेंबर, तीन दिवसांनी. २०२५ साली २७ आणि ३१ ऑगस्ट, चार दिवसांनी.

हे कळलं की पूजनाच्या संध्याकाळी अंगणात किंवा गच्चीवर जावंसं वाटतं. जाच. ढग नसतील तर दक्षिण-नैर्ऋत्येला अर्ध्याच्या आसपासचा चंद्र असतो आणि त्याच्या जवळपास वृश्चिक राशीतला एक तांबूस ठळक तारा. तीच ज्येष्ठा. घरातल्या पाटावर जी बसली आहे तिचं नाव ज्या नक्षत्राचं, ते वर आकाशात दिसतं. मुलांना सजावटीपुढे उभं करून फोटो काढता, तेव्हा पाच मिनिटं हेही दाखवा. पूर्वीच्या बायकांना पंचांग वाचता येत नसेल, आकाश वाचता येत होतं.

कोकणातला ओवसा, म्हणजे सुनेने गौरीपुढे सूप ओवसण्याची रीत, यापुढे एक पाऊल जातो. तिथे नव्या नवरीचा पहिला ओवसा गौरी पूर्वा नक्षत्रात आल्या तरच होतो. हे पूर्वा चंद्राचं नव्हे, सूर्याचं. शेतकरी ज्यावर पाऊस मोजतो तेच, ऑगस्टअखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालणारं. २०२३ साली गौरी येईपर्यंत सूर्य उत्तरा नक्षत्रात गेला होता. अशा वर्षी ही रीत पाळणाऱ्या घरांतल्या नव्या सुना थांबतात. पूर्वात गौरी आल्या की सुपं सजतात, त्यांत पानं, फळं, विडे भरतात, सून ती गौरीपुढे ओवसते आणि मग मोठ्यांना देते. मोठे तिच्या सुपात काहीतरी घालतात. नव्या घरातल्या प्रत्येक माणसाशी तिची ओळख अशी एका सुपातून होते. पूजेच्या याद्या पाठवणाऱ्यांना या ओवशाची खबरही नसते.

आता कहाणीकडे येते, कारण माझा खरा मुद्दा तिथे आहे. पूजनाच्या दिवशी कितीतरी घरांत ज्येष्ठागौरीची कहाणी वाचतात. वाचतात, पण ऐकतात का? कहाणीतलं घर दरिद्री आहे. गावात घरोघर गौरी आल्या म्हणून मुलं आईकडे हट्ट धरतात, आपल्याकडेही आण. आई म्हणते, आणून तिला घालू काय, घरात काही नाही. मुलं बापाकडे जातात. बापाकडे पैसा नाही. त्याला मुलांचं मन मोडवत नाही म्हणून तो तळ्याकडे जीव द्यायला निघतो. वाटेत त्याला एक म्हातारी भेटते. ती त्याची समजूत घालते, तो तिला घरी घेऊन येतो. बायको बघते तर रिकाम्या मडक्यात कण्या. त्यांची आंबील होते, सगळे पोटभर जेवतात. दुसऱ्या दिवशी म्हातारीला खीर हवी असते. ती गोठ्यात खुंट पुरायला सांगते, दावी बांधायला सांगते, गाईम्हशींना हाका मारायला सांगते, आणि जनावरं येतात. तिसऱ्या दिवशी ती निघते. निघताना वाळू देते, घरभर टाक म्हणते. ती म्हातारी म्हणजे गौर.

या कहाणीत आरास नाही. मखर नाही, विजेच्या माळा नाहीत, स्पर्धेचं बक्षीस नाही. पैसा नसल्याने बाप मरायला निघाला, हे त्या कहाणीत आहे. आणि आपण तीच कहाणी वाचून उठतो, आणि कर्ज काढून केलेल्या आराशीचा फोटो शेजारणीच्या फोटोशेजारी ठेवून बघतो. सण दाखवण्यापायी माणूस कुठल्या टोकाला जातो हे ज्या कहाणीने सांगून ठेवलं, तीच कहाणी आपण त्या दाखवण्याच्या मध्यात बसून वाचतो. हे मला सहन होत नाही. गौर आली तेव्हा तिने कण्यांची आंबील खाल्ली. ज्या घरी एवढंच आहे त्या घराने एवढंच करावं, आणि कुणापुढेही ओशाळू नये. विसर्जनाहून परतताना अजूनही पुष्कळ बायका नदीकाठची थोडी वाळू पदरात आणतात आणि घरभर, गोठ्यात, झाडांच्या बुंध्याशी टाकतात. कहाणी त्यांनी ऐकली आहे.

आणि ती म्हातारी कोण होती? वाटेवरची, अनोळखी, रिकाम्या हाताची. पुराणांत समुद्रमंथनाची जी कथा आहे तिच्यात लक्ष्मीच्या आधी तिची थोरली बहीण बाहेर येते. तिचंही नाव ज्येष्ठा. पुराणकारांनी तिला अलक्ष्मी म्हटलं, अभद्र म्हटलं, भांडणाच्या आणि अस्वच्छतेच्या घरांत राहायला पाठवलं. या थोरलीचा आणि आपल्या सणाचा संबंध कुणी मानावा, कुणी मानू नये. पण आपल्या घरात ज्येष्ठा-कनिष्ठा दोघी बहिणी शेजारी शेजारी बसतात, दोघींना सारखी साडी, सारखा हार, सारखं ताट. थोरलीला कुणी दाराबाहेर ठेवत नाही. पूजा तर तिच्याच नावाच्या नक्षत्रावर होते.

मग घरातल्या थोरलीला आपण कुठे ठेवतो?

गौर आणताना उंबरठ्यावर उभी कोण? सवाष्ण. पावलांचे ठसे उमटवत घरभर गौर फिरवते कोण? सवाष्ण. ओटी भरते, हळदीकुंकू लावते, जेवायला बसते ती सवाष्णच. आणि जिने चाळीस वर्षं ही गौर आणली, जिला पुरणाला किती वाफ द्यायची, मुखवट्याला नथ कुठून घालायची, कुठल्या कोठीत कुठलं धान्य भरायचं हे सगळं तोंडपाठ आहे, ती बाई नवरा गेल्याच्या वर्षापासून स्वयंपाकघरात. पुरण तिने शिजवलेलं चालतं. आंबील तिने घोटलेली चालते. हात मात्र देवीला लागलेला चालत नाही. घरागणिक रीत बदलते असं मी वर इतक्या जोरात सांगितलं. मग इथेच सगळ्यांच्या घरची रीत अशी एकसारखी कशी? कोकणात तीच, देशावर तीच, विदर्भात तीच. ज्या बायकांनी तेरड्यापासून, खड्यांपासून, धान्यापासून देवी घडवली त्यांना या एकाच गोष्टीत बदल सुचला नाही, हे मला पटत नाही. त्यांना तो करू दिला गेला नाही.

आता तो होतो आहे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची, मंगळसूत्र तोडण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा म्हणून परिपत्रक काढलं. ठराव झाला, चांगलं झालं. पण घरच्या गौरीला ग्रामपंचायत लागत नाही, परिपत्रक लागत नाही. घरातल्या एका सुनेने, एका मुलाने म्हणावं लागतं : आई, गौर तुम्ही आणा. पहिल्या वर्षी ती नको म्हणेल. तिच्या हाडात भीती भरली आहे, आपल्यामुळे नातवंडांना काही होईल अशी. तिला ओढू नका, पण विचारणं सोडूही नका. नातेवाईक नाकं मुरडतील. मुरडू द्या, ते दोन तासांसाठी जेवायला आलेले असतात. काही घरांत हे सुरू झालं आहे. सासूने गौर उचलली, सुनेने तिच्या पायांवर पाणी घातलं, दोघींनी मिळून घरभर दाखवली. ज्या घरी मी हे पाहिलं त्या घरी गौर नेहमीसारखीच जेवली आणि नेहमीसारखीच सासरी गेली.

तेव्हा गौरी यायच्या आठ दिवस आधी घरातल्या म्हाताऱ्या बाईजवळ बसा. फोन बाजूला ठेवा, वही घ्या. आपल्याकडे तेरडा की खडे, शंकरोबा येतो की नाही, नैवेद्य गोडा की तिखटा, दोऱ्याला गाठी किती, विसर्जनाला खिरापत काय, हे सगळं तिला विचारा. ती एखाद्या ठिकाणी अडेल, मग तिच्या बहिणीला, जावेला फोन लावा. दोघी भांडतील, आमच्या माहेरी असं नव्हतं म्हणतील. दोन्ही लिहून घ्या. सगळं लिहून झालं की तिला शेवटचा एक प्रश्न विचारा : यंदा गौर आणून बसवणार कोण? आणि तिने सुनेचं नाव सांगितलं तर तिचं तिथे ऐकू नका.